टीटी/ट्राय सायकल: नव्या मॉडेलसाठी थांबू का आहे ते उचलू?

कापूस_पट्टा (वडनेर, ता. हिंगणघाट)

नमस्कार मंडळी. वडनेरला माझं कृषी केंद्र आहे, घरची थोडी शेती. पोहणं विहिरीत शिकलो, धावणं पोलीस भरतीच्या नादात, अन् सायकल कशी आली ते सांगत बसत नाही. पुढच्या वर्षी गोव्याची आयर्नमॅन ७०.३ (ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं एकामागे एक) करायची ठरवली आहे. १.९ किमी समुद्र, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं.

सध्या अॅल्युमिनियमची रोड सायकल आहे, तिच्यावर क्लिप-ऑन एअरोबार (कोपरं टेकवून पुढं झोपायचे दांडे) लावले. सराव पहाटे हायवे ४४ वर. वडनेर सोडलं की वर्धा नदीचा पूल, वडकी, करंजी, तिथून परत. (समृद्धीवर सायकलला परवानगीच नाही, त्यामुळे ते सुचवू नका.) एअरोबारवर तासभर झाला की मी सीटच्या पार टोकावर येतो, मान आखडते अन् उतरून धावायला गेलो तर मांड्या वरच येत नाहीत.

म्हणून खरी ट्राय (ट्रायथलॉनची) सायकल घ्यायचा विचार करून राहिलो. दिवाळीनंतर कापसाचे पैसे हातात येतील. तीन वाटा दिसतात. नागपूरच्या एका दुकानात मागच्या पिढीचं मॉडेल पडून आहे, डिस्क ब्रेक, इलेक्ट्रॉनिक गिअर, किंमत साडेतीन लाखाच्या वर. दुसरी पुण्याची सेकंड हँड, रिम ब्रेकवाली, दीड लाखाच्या आत. तिसरी वाट म्हणजे थांबणे. कुठल्याशा शर्यतीत प्रो लोकांखाली झाकलेल्या नावाची नवी फ्रेम दिसली म्हणे, तेव्हापासून ग्रुपवर सगळे "थांब, नवीन येऊन राहिली" म्हणतात.

अजून एक. टीटी (टाइम ट्रायल, एकट्यानं घड्याळाविरुद्धच्या शर्यतीची) सायकल अन् ट्राय सायकल यात फरक नेमका काय? दुकानदार दोन्ही एकच म्हणते. आमच्या घरी मत असं पडलं की एवढ्यात ट्रॅक्टरचं डाउन पेमेंट होते. ते मत मी नोंदवून घेतलं आहे.

उमरी_एक्सप्रेस (यवतमाळ)

वहिनी बरोबर आहेत. भाऊ, तुझ्याजवळ क्लिप-ऑन आहे ना? १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये ग्रेग लेमाँडने शेवटच्या दिवशी २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये असलेच बार लावून आघाडीवरच्या फिन्योंला मागे टाकलं अन् तीन आठवड्यांची शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. तू ट्रॅक्टर घे.

स्पोक_अन्_निपल (परतवाडा)

उमरीभाऊ, लेमाँडची मांडी वर येत होती, याची येत नाही. फरक तिथंच आहे.

कापूसभाऊ, माझं परतवाड्यात सायकल रिपेअरिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे शाळेच्या पोट्ट्यांच्या सायकली, दूधवाल्यांच्या सायकली, अन् चिखलदऱ्याचा घाट चढायला अमरावतीहून येणाऱ्या लोकांच्या कार्बनच्या सायकली. तिन्ही एकाच स्टँडवर लागतात. म्हणून मी फक्त स्टँडवरून काय दिसते ते सांगतो.

रोड सायकलच्या सीटची नळी साधारण ७३ अंशांवर मागं कललेली असते. एअरोबारवर पुढं झोपलं की मांडी अन् पोट यातला कोन आवळला जाते, म्हणून तू आपोआप टोकावर सरकतो. ट्राय सायकलमध्ये तीच नळी ७६ ते ८० अंशांवर उभी असते. तू बीबीच्या (पॅडल ज्याच्याभोवती फिरतात तो मधला आस) वर येतो, कोन मोकळा राहते, उतरल्यावर पाय चालतात. रोड सायकलची सीट नुसती पुढं ढकलून हे होत नाही. वजन सगळं पुढच्या चाकावर जाते अन् हँडल नाचते, हायवेवर ते नको.

टीटी अन् ट्रायचा फरक दुकानदारानं टाळला, कारण त्याच्या गोडाऊनमध्ये जे आहे ते त्याले विकायचं आहे. टीटी फ्रेम यूसीआयच्या (सायकल शर्यतींची जागतिक संघटना) नियमात बसावी लागते. सायकल ६.८ किलोच्या खाली नको, सीटचं टोक बीबीच्या मानानं कुठं असावं तेही ठरलेलं, एअरोबार किती पुढं जाऊ शकते ते २०२३ पासून स्वाराच्या उंचीप्रमाणं ठरते. ट्रायथलॉनले, म्हणजे गोव्यासारख्या ड्राफ्टिंग-बंदीच्या (दुसऱ्याच्या मागं चिकटून चालवायले मनाई) शर्यतीले, यातलं काही लागू नाही. म्हणून ट्राय फ्रेमच्या पोटात पाण्याची टाकी, खाण्याचा डबा, पंक्चरचं सामान, सगळं कोंबता येते. कॅन्यन स्पीडमॅक्सच्या वरच्या मॉडेलमध्ये पाणी फ्रेमच्या आतच असते. मे महिन्यात आपल्याकडं त्या नळीत काय उगवेल याचा मी विचार करत नाही. ऑलिंपिकची ट्रायथलॉन वेगळी, तिथं घोळक्यात चालवतात म्हणून साधी रोड सायकलच लागते.

टीटी फ्रेमवर ट्रायथलॉन होते. फक्त बाटल्या अन् डबे वरून बांधावे लागतात.

आता थांबायची गोष्ट. नव्या फ्रेमची चाहूल दोन ठिकाणी लागते. यूसीआय मंजूर फ्रेमची यादी जाहीर करते, तिच्यात नाव आधी येते. अन् जुलैत टूरच्या टाइम ट्रायलमध्ये विनारंगाची, विनानावाची सायकल दिसते. ट्राय मॉडेलचा मान ऑक्टोबरात हवाईतल्या कोनाच्या शर्यतीले, म्हणजे आयर्नमॅनच्या जागतिक स्पर्धेले. २०२५ ले पुरुषांची जागतिक स्पर्धा फ्रान्समध्ये नीसले झाली, बायकांची कोनाले, २०२६ पासून दोन्ही परत कोनाले. पण एक गंमत पाह्य, जी फ्रेम निव्वळ ट्रायसाठी आहे तिले यूसीआयची मंजुरीच लागत नाही. ती यादीत कधीच येणार नाही. म्हणजे ग्रुपवरचे यादी पाहून वाट पाहणारे अर्ध्या बाजाराची वाट पाहतच नाहीत. कंपन्या ट्राय फ्रेम वर्षावर्षाले बदलत नाहीत. स्पेशलाइज्डची शिव डिस्क २०१८ ची, स्पीडमॅक्सचं डिस्क मॉडेल २०२० चं, ट्रेकची डिस्क ब्रेकवाली स्पीड कन्सेप्ट २०२१ ची. नवी आली तरी आधी युरोप-अमेरिकेत, मग आपल्याकडं. तुझा सराव तवरच्या तवर निघून जाईल.

नव्या फ्रेमनं काय वाचते तेही पाह्य. हवेचा तीन चतुर्थांश विरोध तुझ्या अंगाचा असते, सायकलचा नाही. नवी फ्रेम उरलेल्यातला थोडासा घेते. तू एअरोबारवर ९० किलोमीटर झोपून राहू शकला तर तो फायदा कितीतरी मोठा.

माझा खरा मुद्दा दुरुस्तीचा आहे. नव्या सायकलींमध्ये ब्रेकचे होज (तेलाच्या नळ्या) बार, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) अन् हेडसेटच्या (हँडल ज्यावर वळते ते बेअरिंग) आतून जातात. फोटोत लय सुंदर. पण विदर्भात घाम कसा येते तुले माहीत आहे, ट्रेनरवर (घरात सायकल जागेवर चालवायचा स्टँड) तर धार लागते. एअरोबारवर झोपलं की तो खारट घाम नेमका हेडसेटच्या टोपणावर पडते. मागं एकाची सायकल आली, हँडल वळताना कचकच. टोपण उघडलं तर वरचं बेअरिंग चहाच्या गाळणीसारखं झालेलं, गोळ्या जागेवर चिकटलेल्या. बेअरिंग बदलायले दहा मिनिटं लागावी. पण होज त्याच्या मधून ओवलेले, म्हणून दोन्ही होज सोडले, ऑलिव्ह (होजच्या टोकाच्या कड्या) कापले, नवीन बसवले, परत दोन्ही ब्रेक ब्लीड केले, म्हणजे तेलातली हवा काढली. अख्खा दिवस गेला अन् मिनरल ऑइल, ऑलिव्ह, बार्ब सगळं नागपूरहून मागवावं लागलं. वडनेरमध्ये कोण करून देईल?

म्हणून नागपूरची सायकल पाहायले जाशील तेव्हा रंग पाहू नको. बीबी चुडीची आहे का प्रेस-फिट (नुसती दाबून बसवलेली) ते विचार. टी-४७ (चुडीचीच) असली तर डोळे मिटून बरं, प्रेस-फिट कुरकुरते. मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणारा भाग) हँगर कोणता ते विचार. यूडीएच (बऱ्याच कंपन्यांत चालणारा सामाईक हँगर) असला तर कुठंही मिळते. कंपनीचा स्वतःचा असला तर त्याच दिवशी दोन जास्तीचे घे. टायर २८ मिमीचा बसते का ते पाह्य, जुन्या फ्रेममध्ये २५ च्या वर जात नाही अन् आपल्या रस्त्याले २५ कमी पडते. सराट्याचा काटा कोणत्याही टायरले सोडत नाही ते वेगळं. ट्यूबलेस करशील तर सीलंट उन्हाळ्यात लवकर वाळते, महिन्याकाठी उघडून पाहजो.

पुण्याची रिम ब्रेकवाली स्वस्त आहे, पण मागचा ब्रेक कुठं आहे ते फोटोत मागव. कित्येक ट्राय फ्रेममध्ये तो बीबीच्या खाली लपवलेला असते. आपली काळी माती पावसाळ्यात तिथं जाऊन बसली अन् वाळली की ब्रेकचा हातच परत येत नाही. मागं सीट-स्टेवर (सीटखालून मागच्या चाकाकडं येणाऱ्या नळ्या) नेहमीसारखा असला तर मात्र ती सायकल विचार करण्यासारखी आहे.

सेवाग्राम_सकाळ (वर्धा)

स्पोकदादांचं बाकी सगळं मान्य, पण आतून वायरिंग म्हणजे घेऊच नये असं वाटू देऊ नका. वर्षातून एकदा हेडसेट उघडून ग्रीस भरून घेतलं, ट्रेनरवर हँडलला टॉवेल बांधला, तर चालते. माझी चालून राहिली.

मी नर्स आहे, उंची पाच फूट एक इंच. मला सगळ्यात जास्त त्रास साइजचा झाला. कापूसदादा, दुकानात जी साइज पडून आहे ती "बसते" असंच सांगतात, स्टेम बदलून देतो म्हणतात. ट्राय सायकलमध्ये स्टेम बदलून फारसं काही होत नाही, पॅडची (एअरोबारवर कोपर टेकवायची गादी) जागा महत्त्वाची. आणि क्रँकची (पॅडलचा दांडा) लांबी विचारा, ती मिमीत असते. मध्यम साइजवर बरेचदा १७० किंवा १७२.५ येते. १६५ घेतलं तर गुडघा कमी वर येते, पोटाला जागा मिळते. टूर द फ्रान्स जिंकणारा पोगाचारही रोड सायकलवर १६५ वापरतो, आपल्याला लाजायचं कारण नाही.

चाकांबद्दल कोणीच बोललं नाही. तुमचा हायवे उत्तर-दक्षिण आहे, आषाढातला वारा पश्चिमेचा. म्हणजे पूर्ण वेळ बाजूनं मार, आणि ट्रक बाजूनं गेला की वारा एक क्षण तुटतो आणि परत आदळतो. ८० मिमी खोल रिमचं पुढचं चाक तिथं घेऊन जाऊ नका. पुढं ५० पुरे, मागं हवं तर खोल घ्या. कोनाच्या शर्यतीत वाऱ्यामुळे डिस्क व्हील (आऱ्यांऐवजी पूर्ण भरीव चाक) चालतच नाही, ते काही उगाच नाही. शिवाय एअरोबारवर असताना ब्रेक हाताखाली नसतात, ते बेस बारवर (एअरोबारच्या बाजूचं मुख्य हँडल). गावाजवळ आलात की हात बेस बारवर आणायची सवय आधी लावा. म्हैस हॉर्न ऐकत नाही.

कापूस_पट्टा

स्पोकदादा, ताई, दोघांचे आभार. पुण्याहून फोटो आला, ब्रेक बीबीखालीच आहे. ती गेली. थांबायचं तर मनातून काढलं. आता नागपूरची. मीडियम साइज आहे, माझी उंची १७१. "पॅडची जागा" मोजायची कशी? इथं फिटिंगवाला कोणी नाही. अन् दुकानदारानं कोटेशनमध्ये जीएसटी १२ टक्के लावला आहे.

स्पोक_अन्_निपल (परतवाडा)

जीएसटी आधी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवर ५ टक्के आहे, १२ जुना दर झाला. कोटेशन परत पाठव. आयात शुल्क वेगळं, ते किमतीत आधीच धरलेलं असते, त्यावर वाद घालू नको.

मोजमाप गवंड्याच्या ओळंब्यानं होते. आधी आताच्या सायकलवर पॅड अशा ठिकाणी आण की तासभर मान दुखणार नाही. मग सायकल भिंतीला लावून उभी कर, फरशी सपाट पाहिजे. बीबीच्या मधातून ओळंबा सोड, फरशीवर खूण कर. मग पॅडच्या मागच्या काठावरून ओळंबा सोड, दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे पॅड रीच. पॅडची फरशीपासूनची उंची मोज, तीतून बीबीच्या मधाची उंची वजा कर, तो पॅड स्टॅक. कंपन्या प्रत्येक साइजचा पॅड स्टॅक-रीचचा तक्ता देतात, काही मागच्या काठाऐवजी पॅडच्या मधातून मोजतात, तेवढं तक्त्यात पाहून घेजो. दुकानदारानं तक्ता दिला नाही तर कंपनीच्या साइटवर मिळते.

कापूस_पट्टा

मोजलं. स्टॅक ६४ सेंमी, रीच ४३. पोरानं ओळंबा धरला. तक्त्यात मीडियमचा स्टॅक ६४ ला जेमतेम टेकते, तेही सगळे स्पेसर लावून. स्मॉलमध्ये तर बसतच नाही.

स्पोक_अन्_निपल (परतवाडा)

एका टोकावर बसते म्हणजे पुढं-मागं करायले जागा नाही. रीचचं सांगू नको, सीटची नळी उभी झाली की तो बदलेलच. पण स्टॅकनं मीडियम तुले आता ठेंगणी आहे. दोन गोष्टी कर. दुकानदाराले उंच पॅड-रायझर किट त्या मॉडेलले येते का ते विचार, बहुतेक कंपन्या देतात, अन् ते भावातच माग. दुसरं, पैसे द्यायच्या आधी तिथंच ट्रेनरवर अर्धा तास झोपून चालव. नाही म्हटला तर उठून ये.

सेवाग्राम_सकाळ (वर्धा)

नागपूरला जाणार तो दिवस कळवा, माझी सुट्टी असली तर मीही येते. पॅडल आणि बूट घरूनच न्या, दुकानातले चालत नाहीत. आणि गोव्याला न्यायला बाइक बॉक्स विकत घेऊ नका, माझा पडून आहे. फक्त घेतलेल्या सायकलचा बेस बार सुटतो का तेवढं पाहून ठेवा, नाहीतर बॉक्समध्ये जाणार नाही.

उमरी_एक्सप्रेस (यवतमाळ)

वहिनींना ट्रॅक्टरचं काय सांगितलं ते लिहिलं नाही.

कापूस_पट्टा

पुढच्या हंगामात.