शब्दचर्चा : एड्समधला ‘ॲक्वायर्ड’ मराठीत कसा लिहायचा?

शब्दवेडी
वैद्यकाच्या इतिहासावरच्या एका लेखाचं मराठी करतेय. विषय एड्सवरचं सुरुवातीचं संशोधन, १९८१ ते १९८६. ॲक्वायर्ड इम्यून डेफिशिअन्सी सिंड्रोम हे नाव एकदा तरी पूर्ण मराठीत द्यावं लागणार. मी ‘उपार्जित रोगप्रतिकारशक्ती न्यूनता लक्षणसमूह’ लिहिलं. संपादकबाईंनी समासात शेरा मारलाय : ‘उपार्जित म्हणजे कमावलेली. आजार कोण कमावतं? जन्मानंतर आलेली असं लिहा.’ ते चालेल का? त्या काळच्या डॉक्टरांना या शब्दातून नेमकं काय म्हणायचं होतं?

कोशकीटक
कमावण्याचं सोडा, माझी हरकत वेगळीच आहे. ‘उपार्जित’ हा शब्द मराठी माणूस सुटा ऐकतच नाही, तो ऐकतो ‘वडिलोपार्जित’. म्हणजे जमीन, वाडा, भाऊबंदकी. वाचकाच्या मनात वारसाच येणार, आणि इथे नेमकं वारशाने न आलेलं असं सांगायचंय. ‘अर्जित’ म्हणाल तर सरकारी नोकराला रजा आठवते. ‘संपादित’चा अर्थ पुस्तकवाल्यांनी पळवला. कोशात तिन्ही बरोबर आहेत, पण कोश उशाला घेऊन कोण वाचतो? मला बाईंची सूचना पटते.

जुना पॅथॉलॉजिस्ट
बाईंची सूचना ऐकायला सोपी आहे, पण शास्त्रात फसते. थोडं लांबून सांगतो.

एड्सच्या आधी प्रतिकारशक्तीची न्यूनता म्हटलं की बालरोगतज्ज्ञाचा विषय. १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकी लष्करी डॉक्टरने आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. पोराला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया आणि रक्तात जंतुसंसर्ग होई. त्याच्या रक्तद्रवातली प्रथिनं विजेच्या प्रवाहाने वेगळी करून पाहिली, तर गॅमा ग्लोब्युलिनचा पट्टाच नाही. म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, प्रतिपिंडं, जवळजवळ शून्य. दर महिन्याला बाहेरून गॅमा ग्लोब्युलिन टोचायला लागल्यावर मुलगा सुधारला. पुढे असे बरेच विकार सापडले, आणि त्यातले बहुतेक जनुकातल्या बिघाडाचे. मोठ्या माणसाची प्रतिकारशक्ती ढासळली, तर कर्करोग, किमोथेरपी किंवा मूत्रपिंडरोपणानंतरची औषधं असं काहीतरी उघड कारण असायचं.

मग ५ जून १९८१. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांचा अहवाल अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, साप्ताहिकात आला. वयं २९ ते ३६, आधी धडधाकट, पाचही जण समलिंगी. झालेला न्यूमोनिया न्यूमोसिस्टिसचा. निरोगी माणसाला हा जंतू त्रास देत नाही. अहवाल छापेपर्यंत दोघे गेले होते. मायकेल गॉटलिब यांच्या गटाला या रुग्णांच्या रक्तात मदतनीस टी-पेशी, म्हणजे प्रतिकाराची सूत्रं हलवणाऱ्या पांढऱ्या पेशी, जवळजवळ नाहीशा झालेल्या दिसल्या. अशी अवस्था, आणि कारण काही नाही!

नाव ठरलं ते या कोड्यातून. आधी काही जण ‘समलिंगींमधली प्रतिकारन्यूनता’ अशा अर्थाचं ‘ग्रिड’ म्हणत. जुलै १९८२ मध्ये हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या विकाराच्या, समलिंगी नसलेल्या तीन रुग्णांना तोच न्यूमोनिया झाल्याची बातमी आली आणि ते नाव निकालात निघालं. सप्टेंबर १९८२ मध्ये सीडीसीने ‘एड्स’ची व्याख्या छापली. तिचा गाभा असा की प्रतिकार कमी व्हायला ज्ञात कारण नसलेल्या माणसाला, पेशींकडून होणारा प्रतिकार दुबळा असल्याचं सुचवणारा आजार होणं. म्हणजे ‘ॲक्वायर्ड’ हे कारणाचं नाव नव्हतंच. जनुकांतून आलेली नाही, बाहेरून काहीतरी घडलंय, एवढंच.

आता ‘जन्मानंतर’ का नको? डिसेंबर १९८२ मध्ये न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातली तान्ही मुलं नोंदली गेली. त्यांना आजार आईकडून आला असावा हे पचवणं अनेक डॉक्टरांना जड गेलं. ब्रूटनच्या वळणाचा जन्मजात विकारच असेल, असं म्हणणं सोपं होतं. पण यातल्या बऱ्याच बाळांच्या रक्तात प्रतिपिंडं कमी नव्हती, उलट भरमसाट होती. मदतनीस पेशी मात्र खालावलेल्या. आज आपल्याला माहीत आहे की लागण गर्भातही होऊ शकते. मग ते बाळ लागण घेऊनच जन्मतं आणि तरीही त्याचा आजार ‘ॲक्वायर्ड’च असतो. तुमचं ‘जन्मानंतर आलेली’ तिथे खोटं पडतं. ‘जन्मजात’ आणि ‘आनुवंशिक’ हे आपण सर्रास एका अर्थाने वापरतो, त्यातला हा घोळ आहे.

समुपदेशक, सांगली जिल्हा
सर, खूप छान सांगितलंत. केंद्रावर कुणी ‘उपार्जित’ही म्हणत नाही आणि ‘न्यूनता’ही नाही. लोक विचारतात, ‘माझं सीडी-फोर किती आलं?’ ती तुमची मदतनीस पेशीच. आकडा घसरला की ‘पेशी उतरल्या’, गोळ्या लागू पडल्या की ‘पेशी चढल्या’. म्हणून ‘न्यूनता’ला माझी हरकत नाही, पण काही पत्रकांत ‘प्रतिकारशक्तीचा अभाव’ असतं, ते नको. अभाव वाचून माणूस समजतो, आपल्यात आता काहीच उरलं नाही.

आणखी एक. ‘एड्सची लागण झाली’ हे वाक्य लेखात कुठेही येऊ देऊ नका. लागण एचआयव्हीची होते. उपचार वेळेवर सुरू झाले तर माणूस एड्सपर्यंत पोचतही नाही. रिपोर्ट हातात घेऊन ‘मला एड्स झाला’ म्हणत रडणाऱ्या माणसाला आधी हेच सांगावं लागतं.

जुना पॅथॉलॉजिस्ट
ताई, बरोबर. पण इतिहासावरच्या लेखात एक पथ्य पाळावं लागेल. १९८२ च्या परिच्छेदात ‘एचआयव्ही’ घालता येणार नाही, तेव्हा विषाणूच माहीत नव्हता. १९८३ च्या सुरुवातीला पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एका रुग्णाच्या मानेतली सुजलेली लसीका ग्रंथी आली. तिच्यातून फ्रांस्वाझ बारे-सिनुसी, ल्यूक माँतान्ये आणि सहकाऱ्यांनी विषाणू वेगळा केला, मे महिन्यात निबंध छापला. त्यांचं नाव एलएव्ही, म्हणजे ‘ग्रंथी सुजण्याशी संबंधित विषाणू’. आपल्याकडे काखेत-जांघेत अशी गाठ आली की ‘अवधाण आलं’ म्हणतात. १९८४ मध्ये रॉबर्ट गॅलो यांनी तोच विषाणू एचटीएलव्ही-३ या नावाने मांडला, सॅन फ्रान्सिस्कोत जे लेव्ही यांनी एआरव्ही म्हटलं. नावामागे श्रेयाचं भांडण होतं, पेटंटचंही. मे १९८६ मध्ये विषाणूंची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या उपसमितीने तिन्ही बाजूला ठेवून ‘एचआयव्ही’ सुचवलं.

भारतातले पहिले बाधितही १९८६ सालचेच. तेव्हाच्या मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी ते शोधले. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं.

शब्दवेडी
सगळ्यांचे आभार. असं लिहिलंय, बघा : ‘१९८२ मध्ये या आजाराला एड्स हे नाव मिळालं. आनुवंशिक नसलेल्या, बाहेरून ओढवलेल्या प्रतिकारन्यूनतेचा लक्षणसमूह, असा त्याचा अर्थ.’ ‘उपार्जित’ काढला. १९८४ पर्यंतच्या भागात ‘एड्सचा विषाणू’ आणि त्या-त्या गटाने दिलेलं नाव, ‘एचआयव्ही’ १९८६ पासून पुढे.

कोशकीटक
‘ओढवलेल्या’ला माझं मत. मात्र पुढे कुठे ‘एचआयव्ही विषाणू’ लिहिलं असेल तर एकदा नजर टाका. त्यातला ‘व्ही’ विषाणूचाच आहे.

समुपदेशक, सांगली जिल्हा
ते राहू दे हो कोशकीटक. गावात नुसतं ‘एचआयव्ही’ म्हटलं तर लोक तपासणीचं नाव समजतात. ‘एचआयव्ही केली का?’ असंच विचारतात.