मदत हवी आहे: भावाला सायकलिंग टीमचं कॉन्ट्रॅक्ट आलंय, सही करावी का? (अर्जंट)

गिरणाकाठ: मंडळी, लहान भाऊ सायकल चालवतो, चांगली चालवतो, त्याला पुण्याकडच्या एका टीमने कॉन्ट्रॅक्ट पाठवलंय, प्रोफेशनल करतो म्हणे आणि दोन वर्षांत युरोप. शनिवारपर्यंत सही करून पाठवायचंय. वडील म्हणतात कापूस विकून पैसे भरू, आई बोलतच नाही. सही करावी की नाही एवढंच सांगा, फाटे फोडू नका प्लीज.

सातपुडा_चढ: वय किती? रेस किती केल्यात? आणि पैसे "भरू" म्हणजे? टीम देते ना पैसे, का तुम्ही देताय भो?

गिरणाकाठ: वयाचं काय करायचंय. रोडबाईक आहे, सेकंडहँड. लळिंगचा घाट मोठ्या रिंगवर, म्हणजे जड गिअरवर चढतो, सीटवरून न उठता, मी मागे मोटरसायकलवर होतो.

आप्पा_भुसावळ: हे प्रो-बिरो सोडा, रेल्वेचा स्पोर्ट्स कोटा बघा. आमच्या साडूचा पोरगा कुस्तीवर लागला, आज टीसी आहे. राज्य सरकारात पण ५ टक्के क्रीडा आरक्षण आहे, फक्त सर्टिफिकेट पक्कं पाहिजे.

सातपुडा_चढ: आप्पा, त्याने नोकरी विचारलीच नाही.

आप्पा_भुसावळ: नाही विचारली म्हणूनच सांगतोय.

दोनशे_किमी: मी म्हणतो बीआरएम करू द्या त्याला, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर आपल्या बळावर पूर्ण करायची राईड. २०० किमी साडेतेरा तासांत, कोणाची मेहेरबानी नको. आम्ही धुळ्याहून पळासनेरपर्यंत जाऊन येतो प्रॅक्टिसला. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ ला दोघांत मिळून अख्खी अमेरिका पार केली की!

सातपुडा_चढ: बीआरएम रेसच नाही हो, पहिला आला काय नि शेवटचा काय, सारखंच. रोड रेसला शंभर जणांत कोपराला कोपर लावून पुढच्याच्या चाकामागे वारा चुकवत बसावं लागतं. एकट्याने घाट चढणं वेगळं.

केळीवाला_रावेर: जुनी गिअरची सायकल आहे का कोणाकडे? मुलगी आठवीत आहे.

पिवळी_जर्सी: इतकं नाउमेद करू नका. इरिट्रियाचा बिनियम गिरमाय, स्वित्झर्लंडला यूसीआयच्या (सायकलिंगची जागतिक संघटना) सेंटरमध्ये शिकला, २०२२ ला बेल्जियमची गेन्ट-वेवेलगेम रेस जिंकला, २०२४ च्या टूर द फ्रान्समध्ये ३ स्टेज आणि वर सगळ्यात जास्त पॉइंट्सची हिरवी जर्सी. खान्देशातलं पोर का नाही?

सातपुडा_चढ: गिरमायला टीम पगार देते. वर्ल्डटूर आणि प्रोटीम या वरच्या दोन पायऱ्यांवर किमान पगार यूसीआयने ठरवून दिलाय, खालच्या कॉन्टिनेन्टलला ते बंधन नाही. पण कॉन्टिनेन्टल टीम असली तरी यूसीआयच्या यादीत नाव असतं, यादी उघड आहे. तुमच्या टीमचं नाव शोधा, आणि ते कॉन्ट्रॅक्ट नीट वाचा एकदा.

गिरणाकाठ: यादीत नाही सापडलं. तिसऱ्या पानावर "ट्रेनिंग चार्जेस ८५ हजार, परत मिळणार नाहीत" असं आहे, राहणं-जेवण वेगळं, सायकल आपली. मानधन लिहायच्या जागी नुसती आडवी रेघ आहे, मला वाटलं नंतर भरतील. वय डिसेंबरात २३ होईल. रेस दोन, एक आमच्या यात्रेतली.

सातपुडा_चढ: हेच पहिल्या पोस्टमध्ये टाकलं असतं तर! ज्या वर्षी २३ होतात त्या वर्षीपासून थेट एलिट, म्हणजे मोठ्यांचा गट, अंडर-२३ संपलं. आधी जिल्हा संघटनेकडून स्टेट चॅम्पियनशिप खेळू द्या, बंचमध्ये, म्हणजे घोळक्यात, टिकतो का कळेल. ८५ हजार भरून क्लास लावायचा तर लावा, पण त्याला क्लास म्हणा. रेघेवर सही करू नका.

आप्पा_भुसावळ: आणि कापूस आते इकू नका भो, भाव नही शे.

गिरणाकाठ: वडिलांनी मागच्याच आठवड्यात ५ हजार टोकन ऑनलाईन टाकलेत, मला आत्ता सांगताहेत. ते परत कसे मिळतील? पावती नाही, फक्त स्क्रीनशॉट आहे.

केळीवाला_रावेर: भावाच्या सायकलची फ्रेम साईज काय आहे? विकायची झाली तर आधी मला कळवा.