नंबरप्लेट टिपणारे कॅमेरे आणि "लपवायला काही नसेल तर घाबरता कशाला?"

सदाशिवपेठी: सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी वरचं वाक्य टाकलंय, वर म्हणे या कॅमेऱ्यांचा सगळा डेटा पोलिसांना बिनशर्त द्या. चोरीच्या गाडीचा नंबर जुळला तर पकडा की, कोण नको म्हणतंय! पण बाकी सगळ्या गाड्या कधी कुठून गेल्या ते किती दिवस ठेवणार आणि कोणी उघडून बघितलं याची नोंद राहणार का, हे विचारलं की आम्ही चोर. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये नंबर जुळला नाही तर तीन मिनिटांत पुसायचा असा कायदा आहे. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कलम १७ ने गुन्हेतपासाला सरळ सूट दिलीये.

कर्वेनगरकर: २०१० चा पुण्यातल्या जर्मन बेकरीचा बॉम्बस्फोट विसरलात? ब्रिटनमध्ये १२ महिने ठेवतात, तिथे काय हुकूमशाही आलीये?

सदाशिवपेठी: तिथे जुनं उघडायला वरच्या साहेबाची परवानगी लागते हो, ते सोयीस्कर गाळलंत.

स्कूटरवाली: मैत्रिणीचा नवरा, घटस्फोट चालू असताना, तिची गाडी रोज कुठे असते ते एका ओळखीच्याकडून काढायचा. तिने काय लपवलं होतं काका?

हडपसरचा_बाळ्या: डेटा राहू द्या, आधी नंबर तरी नीट वाचा. माझी गाडी पार्किंगमध्ये आणि चलान नगर रोडचं, फोटोत भलत्याच रंगाची अॅक्टिव्हा! २०२१ च्या नियमात १५ दिवसांत नोटीस लिहिलीये, मला तीन महिन्यांनी कळलं.

कर्वेनगरकर: म्हणूनच एचएसआरपी, म्हणजे ती हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, लावा म्हणतात.

हडपसरचा_बाळ्या: दुचाकीला साडेचारशे वर जीएसटी, तारीख मिळेना, मिळाली तर सेंटर गावाबाहेर. तुम्ही भरता का पैसे?

कर्वेनगरकर: फॅन्सी प्लेटवर "दादा" लिहून फिरणाऱ्यांनी बोलूच नये. हेल्मेट तरी घालता का?

हडपसरचा_बाळ्या: हेल्मेट कुठून आलं मधेच? आणि माझी प्लेट तुम्ही कधी बघितली?

सदाशिवपेठी: बघा, कॅमेरा न लावताच यांच्याकडे डेटा आहे!

कर्वेनगरकर: हसा. ठीक आहे, कोणी बघितलं त्याची नोंद ठेवा, एवढं मान्य. पण तीन मिनिटं म्हणजे येडेपणा. मंगळसूत्र ओढून नेलं की बाई रडत चौकीत पोचेपर्यंत अर्धा तास जातो, तोवर तुमचं सगळं पुसून मोकळं.

स्कूटरवाली: मग महिना ठेवा आणि उघडायला लेखी कारण द्या, वर्षभर कशाला?

हडपसरचा_बाळ्या: ते ठरवा तुम्ही. माझं चलान रद्द कसं करायचं ते कोणी सांगेल का?