ऊसतोडीच्या पालावरची मारहाण बोलून थांबेल?

पाटोद्याची आशाताई: दसरा झाला की वस्तीतले निम्मे कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, साखर कारखान्याकडे निघतात. परवा गाठोडं बांधणाऱ्या एकीला सहज विचारलं, झोप लागते का गं? म्हणाली, "ते पिऊन आले की जागीच असते." तीन वर्षांत पहिल्यांदा बोलली. निघण्याआधीच नवरा-बायकोशी वेगवेगळं बसून दारू, झोप, संशय यावर बोलायला हवं. मनाच्या त्रासावर बोलायला सरकारची टेली-मानस हेल्पलाइन २०२२ पासून आहे, १४४१६, फुकट. सांगतं कोण त्यांना?

गंगाखेडकर: मारणं हा आजार नाही ताई, गुन्हा आहे. टोळी नेणाऱ्या मुकादमानं आईवरून शिवी दिली तरी हाच गडी मान खाली घालून उभा असतो. तिथं बरा राग आवरतो! उद्या "टेन्शन होतं" म्हणून सुटायला मोकळे.

पाटोद्याची आशाताई: सुटतील कसे दादा? तक्रार करू नको असं मी कुठं म्हटलं? घरातल्या हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात कलम २७ बघा, बाई तात्पुरती जिथं राहते तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो. म्हणजे कारखान्याच्या गावातही. आणि कलम १४ खाली तेच कोर्ट समुपदेशनाला पाठवू शकतं.

फडातली: लेकाच्या फोनवरून लिहितेय. कोर्टात जायचं तर खाडा पडतो, त्याचे पैसे कापतात. रात्री दोनला गाडी भरायला उठवतात. उचल, म्हणजे कामाआधी मिळणारे आगाऊ पैसे, जोडीची, पण घेतो नवरा. एकदा माहेरी पळाले, तिसऱ्या दिवशी मुकादम दारात. "कोयता मोडला, पैसे कोण फेडणार?" आईनंच परत धाडलं. तेव्हा घरात फोन एकच, तो त्याच्या खिशात. तुमचा नंबर लावायचा कुठून?

गंगाखेडकर: तेच म्हणतोय मी. आधी अर्धी उचल बाईच्या हातात द्या, मग मनाचं बघू.

फडातली: हातात दिली तर रात्री हिसकावून घेईल, दादा. कोपीला कोपी लागून असते, मार सगळ्यांना ऐकू जातो. शेजारची म्हातारी तेवढी उठून ताट बडवायची. तो लाजून बाहेर जायचा. सकाळी मोळी उचलताना ती मला विचारायची, जेवलीस का. शिकवायचंच तर टोळीबरोबर येणाऱ्या अशा दोघीचौघींना शिकवा.

पाटोद्याची आशाताई: तुमची टोळी कधी निघतेय, ताई?

फडातली: सोमवारी रात्री ट्रक येतोय.

पाटोद्याची आशाताई: रविवारी येते. त्या आजी असतील का?

फडातली: त्या गेल्या साली गेल्या. सून आहे.