'गोल्ड डिगर्स ऑफ ब्रॉडवे'ची हरवलेली रीळं एआयने भरायची का?

रीळप्रेमी:
१९२९ ची वॉर्नर ब्रदर्सची रंगीत म्युझिकल कॉमेडी, तेव्हा तुफान चालली आणि आज तिची रंगीत अशी जेमतेम दोन रीळं नि थोडे तुकडे उरलेत. आवाज मात्र सगळा आहे, कारण तो फिल्मवर नव्हताच, व्हिटाफोन या तेव्हाच्या ध्वनिपद्धतीच्या १६ इंची तबकड्यांवर वेगळा असायचा, एका रीळाला एक तबकडी, सुई आतून बाहेर जायची आणि लेबलवर चौकोन छापलेले असायचे, प्रत्येक वेळी वाजवली की खूण करायची म्हणजे झिजलेली तबकडी कोणी लावणार नाही. आता काही जण म्हणतात आवाज आहे, फोटो आहेत, तर मधलं चित्र एआयकडून करून घ्या. माझा साफ विरोध. तबकड्या लावा, फोटो असेल तिथे फोटो दाखवा, काहीच नसेल तिथे पडदा काळा ठेवा.

मॅटिनीशो:
काळ्या पडद्यासमोर बसणार कोण? हा पिक्चर लोकांना हसवायला काढलेला, रंग हाच त्याचा हुकमाचा एक्का होता. त्यातल्या नटी विनी लाइटनरची कॉमेडी म्हणजे सगळं अंग हलवून केलेला दंगा, तो नुसता ऐकून काय कळणार? 'हे एआयचं आहे' असं कोपऱ्यात ठळक लिहा आणि दाखवा की. नाहीतर मूठभर अभ्यासकांपलीकडे तिचं नावही कोणाला माहीत राहणार नाही.

रीळप्रेमी:
तिच्यासाठीच तर म्हणतोय. तिने कधीच न केलेले हावभाव तिच्या नावावर खपवायचे? आणि लेबलचं म्हणाल तर क्लिप क्रॉप करून व्हॉट्सॲपवर गेली की लेबल गेलं. आपल्याकडचंच बघा. फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र', त्याची जी रीळं आज आहेत ती मूळ पिक्चरची नसून १९१७ च्या पुन्हा काढलेल्या आवृत्तीची आहेत असं काही अभ्यासक म्हणतात. दोन्ही पिक्चर फाळक्यांचेच, तरी एवढा घोळ. मग यंत्राने केलेली रीळं मिसळल्यावर पन्नास वर्षांनी कोण वेगळं करणार?

पन्हाळा_टॉकीज:
दोघांचं वाचलं. मला वाटतं पैसा शोधाशोधीवर लावावा. या पिक्चरचं एक रीळ ऑस्ट्रेलियात सापडलं, हॉलिवूडपासून इतकं लांब, म्हणजे अजून कुठेतरी डब्यात काही असू शकतं. पण तेव्हाची फिल्म नायट्रेटची, ती थांबत नाही, सडते नाहीतर पेटते. पुण्यात ८ जानेवारी २००३ ला फिल्म अर्काइव्हच्या नायट्रेटच्या साठ्याला आग लागली, त्यात प्रभातचं काय काय गेलं ते आठवलं की अजून पोटात तुटतं. शांतारामबापूंनी १९३३ ला 'सैरंध्री' रंगीत करायला थेट जर्मनीला नेला होता, रंग मनासारखे आले नाहीत ही गोष्ट वेगळी, पण ती धडपड बघायला तरी मिळायला हवी होती.

मॅटिनीशो:
शोध घ्याच, त्याला कोण नाही म्हणतंय. बरं, 'ऑन विथ द शो'चं काय? तोही १९२९ चा, पहिला पूर्ण रंगीत पूर्ण बोलपट, आज अख्खा आहे पण कृष्णधवल, रंगीत फक्त काही सेकंदांचा तुकडा. इथे नट खरे, हावभाव खरे, नुसता रंग उडालाय. तो परत भरायला काय हरकत?

रीळप्रेमी:
कोणता रंग भरणार ते आधी सांगा. तेव्हाचं टेक्निकलर, म्हणजे रंगीत फिल्मची पद्धत, दोनच रंगांचं, लाल नि हिरवा. निळा येतच नव्हता. १९३० च्या 'किंग ऑफ जॅझ'मध्ये 'रॅप्सडी इन ब्लू' ही नावातच निळा असलेली संगीतरचना घेतली तेव्हा सेट आणि कपड्यांचे रंग असे निवडले की पडद्यावर हिरवट निळसर तरी दिसावं, काय डोकं लावलंय त्या लोकांनी! २०१६ ला रिस्टोर झाल्यावर तो सीन मी डोळे फाडून बघितला. एआय तिथे आजचं निळंशार आभाळ ओतणार.

मॅटिनीशो:
हा मुद्दा पटला. म्हणजे रंग भरायचा तर 'ऑन विथ द शो'चा तो तुकडा आणि टेक्निकलरच्या त्याच काळातल्या प्रिंट समोर ठेवून, त्याच दोन रंगांत. पण भरावाच असं माझं अजून मत आहे, आणि कृष्णधवल प्रिंट शेजारी ठेवा, ज्याला जी बघायची ती बघू दे.

रीळप्रेमी:
दोन्ही शेजारी ठेवणार असाल तर 'ऑन विथ द शो'पुरतं चालेल. 'गोल्ड डिगर्स'ला मात्र हात नको, तिथे शेजारी ठेवायला मूळ चित्रच नाही.