‘त्यु’ म्हणू की ‘व्हू’? गणपतीच्या आमंत्रणाची चिठ्ठी

विषय: फ्रेंच मैत्रिणींना काय म्हणून हाक मारायची?

नमस्कार मंडळी,

यंदा घरच्या गणपतीला पहिल्यांदाच फ्रेंच मैत्रिणींना बोलावते आहे. दोघी माझ्याच प्रयोगशाळेतल्या. तिसरी शेजारच्या दारातली, वयाने माझ्या आईएवढी. चिठ्ठी लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. ‘मों आमी’, म्हणजे ‘माझ्या मैत्रिणी’, असं लिहून एकीला दाखवलं, तर ती म्हणाली, असं आम्ही कोणी म्हणत नाही. मग म्हणतात तरी काय? शेजारणीला ‘त्यु’, म्हणजे तू, म्हणू की ‘व्हू’, म्हणजे तुम्ही? आणि रोज सकाळी कोणी ‘सा व्हा?’, म्हणजे ‘कसं चाललंय?’, विचारलं की मी सर्दीपासून सगळं सांगत बसते, तेही चुकतंय का?

ग्रेनोबलहून, नवी सभासद

*

विषय: उत्तर: फ्रेंच मैत्रिणींना काय म्हणून हाक मारायची?

अगं, बरं झालं विचारलंस. मला हे सांगायला कोणी नव्हतं.

‘आमी’ हा शब्द दुसऱ्याला ओळख करून देताना वापरायचा. समोरच्याला तोंडावर ‘मों आमी’ म्हटलं की कोणी वडीलधारा समजूत घालतोय असं वाटतं. आपल्या अरे-अगंसारखं त्यांच्याकडे काही नाही, सरळ नावाने हाक मारतात. दोघी-तिघींना मिळून लिहायचं असेल तर ‘कुकु ले फीय’, म्हणजे आपलं ‘काय गं पोरींनो’. ‘कुकु’ जवळच्यांनाच. ‘साल्यु’ त्याहून जास्त जणांना, भेटताना आणि निघताना दोन्ही वेळेला चालतं. मुलगे एकमेकांना ‘मेक’, ‘मों पोत’, म्हणजे ‘गड्या’, ‘यार’, म्हणतात. ते कानांवर पडू दे, आपण घाईने उचलू नये.

मला सगळ्यांत आवडतो तो ‘कोपँ’, आणि बाईसाठी ‘कोपिन’. मुळात लॅटिन: ज्याच्याबरोबर पाव खाल्ला तो. आपण एका ताटात जेवलेले म्हणतो, अगदी तेच. फक्त ‘मों कोपँ’ म्हटलंस की लोक प्रियकर समजतात. साधा मित्र असेल तर ‘अँ कोपँ’ म्हण.

‘सा व्हा?’ला ‘सा व्हा, ए त्वा?’, म्हणजे ‘ठीक, आणि तुझं?’, एवढंच पुरे. सर्दीचं नंतर, कॉफीच्या वेळी. ‘बाँजूर’ मात्र कधी गाळू नकोस. बेकरीत शिरल्या शिरल्या आधी ‘बाँजूर’, मग पाव मागायचा. नाहीतर आपण कितीही गोड बोललो तरी समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर आठी पडतेच. त्याच माणसाला दिवसात एकदाच म्हणायचं. पुन्हा भेटलं तर ‘रबाँजूर’. संध्याकाळी ‘बाँस्वार’. ‘बॉन न्वी’ मात्र झोपायला जाणाऱ्यालाच.

आता ‘त्यु’ आणि ‘व्हू’. इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. समोरच्या दारात सत्तरीच्या एक बाई राहायच्या. दिवाळीत चकल्यांची ताटली घेऊन गेले, तर दारातच त्या म्हणाल्या, ‘ऑं स दि त्यु?’ म्हणजे आता एकमेकींना तू म्हणूया का? मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या आणि मी सवयीने ‘व्हू’ बोलून गेले. मोठ्या बाईला तू म्हणायला जीभच वळेना. त्या थांबल्या. हातातली पिशवी पायरीवर ठेवली आणि विचारलं, ‘ऑं ए फाशे?’ आपलं काही बिनसलंय का? मी मान म्हणून बोलले होते, त्यांना ते दार लावून घेतल्यासारखं लागलं. आपल्याकडे मैत्रिणीच्या आईला आपण जन्मभर तुम्ही म्हणतो आणि तरी तिच्या स्वयंपाकघरात बसून जेवतो. इथे तसं नाही. एकदा ‘त्यु’वर आलं की मागे फिरणं म्हणजे रुसणं.

म्हणून तुझ्या शेजारणीला सध्या ‘व्हू’च म्हण. चिठ्ठीत ‘शेर मादाम’, म्हणजे ‘प्रिय बाई’, लिही, पुढे आडनाव नको. ‘त्यु’चं मोठ्यांनी आधी काढायचं असतं. त्यांनी काढलं की मग लगेच, न अडखळता. पहिले चार दिवस मुद्दाम सराव कर, मी जिना चढताना पुटपुटायची.

गालाला गाल लावायच्या ‘बिझ’ची संख्या गावागणिक बदलते. पॅरिसला दोन, मोंपेलिएच्या बाजूला तीन. समोरची पुढे होईल तसं व्हायचं. कोविडनंतर बरेच जण टाळतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मैत्रिणींच्या चिठ्ठीखाली ‘बिझ’ किंवा ‘बिझू’ लिही. ‘बेझे’ क्रियापद म्हणून मात्र अजिबात नको, आज त्याचा अर्थ अश्लील होतो.

ल्योंहून, काकू

*

विषय: उत्तर: उत्तर: फ्रेंच मैत्रिणींना काय म्हणून हाक मारायची?

काकूंच्या मेलला थोडी जोड. मी मॉरिशसचा, आता पॅरिसला. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर आले. आमच्या क्रिओलमध्येही, म्हणजे तिथल्या फ्रेंचवरून घडलेल्या बोलीत, ‘तो’ (तू) आणि ‘ऊ’ (तुम्ही) असे दोन आहेत. मित्र भेटला की ‘की मान्येर?’ (कसं काय?), आणि निघताना ‘सलाम’, मग तो हिंदू असो की ख्रिस्ती. आजीला मी ‘ऊ’ म्हणायचो. पॅरिसला मित्राच्या घरी गेलो तर तो आजीला ‘त्यु’ म्हणत होता आणि तिचा हात धरून बसला होता. मला सवय व्हायला वर्ष लागलं. आणि तुझी मराठीतली ‘तू’ नि फ्रेंच ‘त्यु’ लांबच्या बहिणी आहेत, मूळ एकच.

*

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: फ्रेंच मैत्रिणींना काय म्हणून हाक मारायची?

काकू, दादा, मनापासून आभार. पोरींना ‘कुकु ले फीय’ लिहून पाठवलं, दोघींचीही लगेच ‘बिझू’सकट उत्तरं आली. शेजारणीला चिठ्ठी हातात नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून दारातच वाचली आणि कोणती फुलं आणू ते विचारलं. अजून ‘व्हू’च आहे. मी जास्वंद सांगितली, मिळेल का इथे कोण जाणे. कोणाकडे मोदकांचा साचा जास्तीचा असेल तर कळवा, माझा पुण्यालाच राहिला.