एकट्याने ऐकताना सुंदर वाटणारा गिटारचा टोन बँडमध्ये निरुपयोगी असतो

तारछेड (धागाकर्ता)

विधान मुद्दाम टोकाचं केलंय, आणि मागे घेणार नाही.

खोलीत एकट्याने वाजवताना बहुतेक जण अँपचा बेस (खालचे सूर) वर, ट्रेबल (वरचे) वर आणि मिड (मधले) जवळजवळ शून्यावर नेतात. आवाज भरदार, चकचकीत येतो. तोच आवाज घेऊन तालमीला गेलं की ड्रमरचे चार ठोके पडेपर्यंत गिटार गायब. मग व्हॉल्यूम वाढतो, मग गेन (आवाज फाटवणारा नॉब) वाढतो, आणि इतकं करून गिटार ऐकू येत नाही ते नाहीच.

कारण सरळ आहे. गिटारची सर्वात जाड तार मोकळी वाजवली की ८२ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ८२ कंपनं. बेस गिटारची ई तार ४१ हर्ट्झ, म्हणजे तिचा दुसरा हार्मोनिक (मूळ कंपनाच्या दुपटीचा सूर) नेमका त्याच ८२ वर. शिवाय तळाशी किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम). त्या गर्दीत तुमचा बेस नॉब काय साधणार? वरच्या बाजूला सिम्बल्स पसरलेले असतात, आणि गिटार अँपचा १२ इंची स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या पुढे तसाही झपाट्याने पडतो. गिटारच्या हक्काचा उरतो तो साधारण ४०० ते अडीच हजार हर्ट्झचा पट्टा, आणि आपण कापलेला असतो तोच.

त्यात कानही साथ देत नाही. हळू आवाजात खालचे आणि फार वरचे सूर कानाला कमी जाणवतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं. घरी ती तूट आपण नॉब फिरवून भरतो. तालमीच्या आवाजात तूट उरत नाही, घातलेली भर तेवढी राहते.

म्हणून माझा हिशेब: बेस ३-४, मिड ७, गेन घरच्यापेक्षा बराच कमी, आणि टोन लावायचा तो सगळे वाजवत असतानाच. एकट्याने ऐकलात तर नाकात बोलल्यासारखा वाटेल. वाटू दे.

पॉवरकॉर्ड

असहमत. "मिड वाढवा" हा आता मंत्र झालाय, कुठेही जपायचा.

पहिलं म्हणजे मिड ही एक वस्तू नाही. २५०च्या आसपास चिखल आहे, ५००ला डब्यातला आवाज, ८००ला तुमचं ते नाक, दीड-दोन हजारांत धार आणि ३ हजारांपासून पुढे कानाला टोचणं. सातावर नेलेला नॉब यातलं नेमकं काय वाढवतो, हे अँपनुसार बदलतं.

दुसरं, बँड कोणता? एक गिटार, एक बेस, एक ड्रम असा तिघांचा संच असेल तर तुमचा बेस ३ वाला टोन भुंडा वाटेल. सोलो सुरू झाला की खाली भलीमोठी पोकळी. तिथे गिटारला २०० ते ४००चं मांस लागतंच. आणि मेटलमध्ये पाम म्यूटचा (तळहाताने तारा दाबून वाजवण्याचा) धक्का तळातूनच येतो, तो कापला तर उरतं काय?

खर्जातला

बेसवाल्याच्या बाजूने बोलतो. पाम म्यूटचा जो धक्का तुम्हाला गिटारचा वाटतो, त्यातला मोठा भाग माझा असतो. गिटारने तळ सोडला तर तो धक्का जास्त घट्ट येतो. ड्रॉप सी (जाड तार सी सुरापर्यंत उतरवणं) लावून बसलात तर तुमची जाड तार ६५ हर्ट्झवर, म्हणजे थेट माझ्या अंगणात. दोघांनी तळ धरला की कोणाचाच सूर कळत नाही, नुसता घुमारा.

धागाकर्त्याला +१. तिघांच्या संचाबद्दल मात्र पॉवरकॉर्ड यांचं बरोबर आहे. तिथे मी स्वतःच थोडा ड्राइव्ह (आवाज किंचित फाटवणारा इफेक्ट) लावून मधली जागा भरतो.

पॉवरकॉर्ड

थ्रॅशच्या जुन्या रेकॉर्ड्समध्ये मिड खणून काढलेले होते, ते काय ऐकू येत नव्हते?

तारछेड

येत होते, कारण स्टुडिओत एकच रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाकतात, आणि मधली जागा गाणाऱ्याला मोकळी मिळते. शिवाय बेस आणि किक त्या गिटारभोवती बसवलेले असतात. एका खोलीत एका अँपला यातलं काहीच मिळत नाही. रेकॉर्डवरचा टोन तालमीत मागणं हीच मूळ गफलत.

फेडरबहाद्दर

मिक्सरच्या मागे उभा राहणारा माणूस म्हणून सांगतो, तुम्ही दोघंही नॉबवर अडकला आहात. त्याआधीची गोष्ट म्हणजे अँप कुठे ठेवलाय.

१२ इंची स्पीकर वरचे सूर सरळ समोर, अरुंद झोतात फेकतो. अँप जमिनीवर, गिटारवाला त्याच्या पुढ्यात उभा, आवाज पोटऱ्यांना. कानाला ट्रेबल कमी वाटतो म्हणून तो वाढवतो. पुढच्या रांगेतल्या लोकांच्या कानात त्या वेळी सुया जात असतात. अँप खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा, म्हणजे तुमचा टोन तुम्हालाही सोसावा लागेल. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

तळाचं म्हणाल तर मी गिटारच्या चॅनेलला १०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर) लावतोच, कोणाला न विचारता. आजवर कोणी "माझा बेस कुठे गेला" म्हणून आलेलं नाही.

मॉडेलरवाल्यांनी (अँपची डिजिटल नक्कल वापरणाऱ्यांनी) हेच आधी घरी करावं. हेडफोनवर बनवलेला प्रिसेट (साठवलेला टोन) पीएवर, म्हणजे हॉलच्या मोठ्या स्पीकरवर, गेला की वर फसफस आणि खाली गडगडाट. ८०-१०० च्या खाली आणि ६-७ हजारांच्या वर कापून मगच या.

सहावी_तार

"मिड ७" या सल्ल्यातली गंमत सांगू का? व्हॉक्सच्या एसी३० टॉप बूस्टला मिडचा नॉबच नाही. जुन्या फेंडर डीलक्स रिव्हर्बलाही नाही. त्यांनी सात कुठे लावायचे?

आणि जिथे आहे तिथेही पाच म्हणजे सपाट नव्हे. फेंडर पद्धतीच्या टोन सर्किटमध्ये सगळे नॉब मधोमध ठेवले तरी मिड खणलेलेच राहतात. सपाटाच्या जवळ यायचं तर मिड पूर्ण वर आणि बेस-ट्रेबल बरेच खाली लागतात. आकडे पाहून टोन लावणाऱ्यांनी आधी हे तपासावं. मी तर अशा अँपपुढे बॉसचा जीई-७ हा ईक्यू (वेगवेगळे सूर कमी-जास्त करणारा) पेडल ठेवतो आणि ८०० व १.६ हजारचे स्लायडर थोडे उचलतो. ट्यूब स्क्रीमर हा ड्राइव्ह पेडल लोकांना स्वच्छ अँपपुढे इतका का आवडतो? त्याचा उंचवटा ७२० हर्ट्झच्या आसपास आहे आणि तळ तो आपोआप कापतो. लोक ड्राइव्ह म्हणून घेतात, कामाला येतो तो ईक्यू म्हणून.

तारछेड

नॉबच्या आकड्यांबद्दल मान्य. दिशा तीच आहे ना पण?

पॉवरकॉर्ड

दिशा तीच असेल तर दोन गिटारांचा बँड घ्या. दोघांनी तुमचा धागा वाचला, दोघांचे मिड वर. आता ते एकमेकांवर आदळणार, आणि वर गाणाऱ्यावर. शब्द स्पष्ट कळतात ते साधारण २ ते ४ हजारांमुळे, तिथे दोन गिटार धार लावून उभ्या. कोण सोडणार जागा?

माझं उत्तर: कोणीही नाही, वाजवणं बदला. एकाने खालचे मोकळे कॉर्ड धरले तर दुसऱ्याने त्याच कॉर्डचे वरचे आकार घ्यावेत, तीन तारांवर, सातव्या पट्टीच्या पुढे. किंवा गाणं चालू असताना चक्क थांबावं. दोघं एकाच जागी तेच सहा तारांचे कॉर्ड झोडपत असतील तर कोणताही ईक्यू वाचवणार नाही.

खर्जातला

थांबावं! गिटारवाल्याने लिहिलंय हे, स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

फेडरबहाद्दर

वाजवण्याबद्दल पूर्ण सहमत. सोलोचं राहिलं. अँप आधीच फाटत असेल तर त्याच्या पुढे लावलेल्या बूस्टने (आवाज वाढवणाऱ्या पेडलने) आवाज फारसा वाढत नाही, गेनच वाढतो आणि गिटार आणखी मागे सरकते. बूस्ट इफेक्ट्स लूपमध्ये (अँपच्या गेननंतर येणाऱ्या जोडात) हवा. नाहीतर एरवी गिटारचा व्हॉल्यूम सातावर ठेवून वाजवा आणि सोलोला दहावर न्या. गेन खूप चढवून पूर्ण फाटलेल्या अँपवर हाही उपाय चालत नाही, म्हणून पुन्हा तेच: गेन कमी.

सहावी_तार

तालीम फोनवर रेकॉर्ड करून ऐका, आपलं आपल्याला कळतं.

खर्जातला

फोन तळ जवळजवळ पकडतच नाही आणि मिड मात्र ठळक करतो. त्यावर विसंबून टोन लावलात तर परत बेस वाढवून बसाल, आणि शिव्या मला.